कासवाची मोकळी जागा

“सूनबाई, लेकराला घ्या आणि वर कचेरीकडं चला,” असे तुळसा परटीण भर दुपारी उंबऱ्याशी येऊन सांगून गेली आणि इंदुमतीने ते कानाआड केले. बाळाचा दोन दिवसांचा ताप नुकता उतरला होता. मागच्या खोलीत, पाळण्यात ते आता कुठे शांत निजले होते. बाहेर तर लख्ख ऊन! तरी तिने खिडकीतून घाटाकडे पाहिले. दगडी कासव कोरडे ठणठणीत होते. मग ती पेज शिजवायला स्वयंपाकघरात गेली.

हे गाव नांदवेळ. नदीला नाव काही असो, इथे सगळे तिला गंगाच म्हणतात. एके काळी धान्याने भरलेल्या नावा इथल्या घाटाला लागत. पुढे रेल्वे पलीकडच्या तीरावरून गेली आणि नावा थांबल्या. मग जिल्ह्याची कचेरी आली, तीही टेकडीवर. तेव्हापासून गावाचे दोन स्वभाव झाले. वरची आळी कागद बघून बोले, खालची पेठ पाणी बघून. या पेठेच्या घाटावर ओंजळ महाराज राहत. भिक्षा ओंजळीत मावेल तेवढीच घेत, म्हणून हे नाव.

घाटावरचे कासव हे पेठेचे जुने राखणदार. पाणी त्याच्या पाठीला लागले की सामान उचलून टेकडीवर जायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्याला रोज हळदकुंकू वाहण्याचा मान तुळसाच्या घराकडे होता. तीन वर्षांपूर्वी नगराध्यक्ष बापूसाहेब मुजुमदारांनी, म्हणजे इंदुमतीच्या सासऱ्यांनी, घाट नवा बांधला आणि दर्शनाला सोयीचे म्हणून कासव सात पायऱ्या वर, चौथऱ्यावर नेऊन बसवले. तुळसाने हात जोडून विनवले, की त्याची जागा हलवू नका.

बापूसाहेब हसले. “आता परटीण आम्हांला बांधकाम शिकवणार! तू आपली धुणी नीट धू म्हणजे झालं.”

त्यानंतर ती चौथऱ्यावर हळदकुंकू वाही आणि खालच्या मोकळ्या जागेवरही वाही. लोक तिला वेडी म्हणत. महाराज मात्र त्या मोकळ्या जागेशेजारीच आसन घालून बसत आणि म्हणत, “देव उठून गेला तरी त्याची ऊब राहते.”

त्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला होता, गावात मात्र थेंब नव्हता. पाण्याने मोकळ्या जागेवरचे कुंकू धुऊन नेले, ते तुळसाने पाहिले आणि ती दारोदार सांगत सुटली. काही जण निघाले. बाकीच्यांनी वरच्या कोरड्या कासवाकडे बोट दाखवले. आणि ते कासव बुडाले तेव्हा निघायला वेळच उरला नव्हता.

पेज उतरवताना इंदुमतीच्या पायांना गार लागले. दाराखालून पाणी येत होते. मागची खोली तीन पायऱ्या खाली. नदीकडच्या खिडकीतून शिरलेल्या पाण्याने तिचे दार आतून दाबून धरले होते. इंदुमतीने ते बडवले, बापूसाहेबांनी खांदा लावला, गड्यांनी जोर केला. दार हलेना. आतून बाळाचे रडणे ऐकू येत होते. मग तेही थांबले.

एवढ्यात महाराज आले, कमरेपर्यंत भिजलेले. कोणाकडे न बघता त्यांनी दोन्ही तळवे दाराला लावले आणि म्हणाले, “गंगाआई, तुळसानं आजवर तुझ्याजवळ काही मागितलं नाही. आज तिच्या शब्दाखातर एवढं लेकरू राख.”

दार अलगद उघडले. पाणी अंगावर येईल म्हणून सगळे मागे सरले, पण पाणी उंबऱ्याशी भिंतीसारखे उभे राहिले. आणि त्या पाण्यावर, आठ माणसांनी पहारी लावून हलवलेले ते दगडी कासव तरंगत होते! पाठीवर पाळणा, पाळण्यात अंगठा चोखत पडलेले बाळ. दुपट्याला थेंब लागला नव्हता. इंदुमतीने आधी त्याचे कपाळ पाहिले, मग तळपाय, मग पुन्हा कपाळ. ताप नव्हता. तेव्हा कुठे तिला रडू फुटले.

महाराजांमागोमाग पाण्यातून वाट काढत सगळे टेकडीवर पोहोचले. माणसे बाळाभोवती जमली, कोणी आनंदाने गूळ वाटला. महाराजांनी मात्र एकच विचारले, “तुळसा कुठे आहे?”

कोणाला सांगता येईना. ती सगळ्यांच्या दारी गेली होती, तिच्या दारी कोणी गेले नव्हते. इंदुमतीने सासऱ्यांकडे पाहिले. बापूसाहेब उठले आणि अनवाणीच उतार उतरू लागले.

संध्याकाळी पाणी ओसरत असता तुळसा त्यांना परीटआळीतल्या लिंबाच्या पारावर सापडली. पाय चिखलपाण्यात, मांडीवर लोकांच्या धुतल्या कपड्यांचे गाठोडे.

“तुमचा सदरा कोरडा आहे साहेब,” ती म्हणाली. “लेकरू?”

“सुखरूप आहे.”

बापूसाहेबांनी डोईची पगडी काढली आणि तिथेच चिखलात तिच्या पायांवर डोके ठेवले.

“उठा हो,” तुळसा संकोचून म्हणाली, “कपडे माखले तर मलाच धुवायचेत.”

सकाळी चौथरा रिकामा होता. कासव आपल्या जुन्या जागी जाऊन बसले होते. त्याला पुन्हा कोणी हलवले नाही.

ही कथा ऐकून महाराजांना हात जोडाल, ते जोडाच. पण तुमच्याही उंबऱ्याशी येऊन कोणी कधी सावध करून गेले असेल आणि तुम्ही ‘बरं, बघू’ म्हणून दार लोटले असेल. त्या माणसाकडे आज जा. घरी सगळे ठीक आहे ना, एवढे विचारून या.