सोमवारचे वाचक

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने गेल्या वर्षी जुनी पुस्तकं इंटरनेटवर चढवली आणि अध्यक्ष दादासाहेब खानविलकरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वार्षिक सभेत ते गरजले, "आता जगात कुठेही बसा आणि आपलं वाचनालय वाचा!"

शालनबाई गुरव उठल्या. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेल्या बाई. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून मोबाइलकडून पुस्तकं वाचून घेत. त्या म्हणाल्या, "दादासाहेब, तुम्ही पानांचे नुसते फोटो चढवलेत. माझा मोबाइल अक्षरं वाचतो, फोटो वाचत नाही. पान उघडलं की 'चित्र' एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. फोटोतला मजकूर अक्षरांत उतरवून घ्या ना."

दादासाहेब हसले. "बाई, वर्षभरात एकाही अंध वाचकाने त्यातलं पुस्तक वाचलेलं नाही. वाचकच नाहीत, तर हा उपद्व्याप कुणासाठी करायचा?"

चहाची वाट पाहणाऱ्या सभेने माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड वाटत होता.

शालनबाईंनी विचारलं, "बरं, आपल्या वाचनालयात सोमवारी किती वाचक येतात?"

"सोमवारी कसे येतील? सोमवारी सुट्टी. दाराला कुलूप असतं."

"म्हणजे सोमवारी गावात कुणाला वाचावंसंच वाटत नाही?"

"असं कसं? दार उघडं असतं तर आलेच असते की लोक!" दादासाहेब बोलून गेले.

"तेच म्हणते मी," शालनबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्यासाठी तुमच्याकडे रोजच सोमवार आहे."