फरशीची चौकशी

काचेचा मोर खळ्ळकन फुटला आणि राजवाड्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हैबतराव राजांचा तो जीव की प्राण! पाच वर्षांचे युवराज उदाजी तुकड्यांच्या मधोमध उभे, पण बोट मात्र झाडलोट करणाऱ्या रखमाजीकडे. "यानं पाडला!"

याआधी दूध मांजरानं सांडलं होतं, अत्तरदाणी वाऱ्यानं पाडली होती. वाऱ्याला कोण धरणार? रखमाजी मात्र आयता सापडला. राजांचा राग म्हणजे तापल्या कढईतलं तेल, कुणावर उडेल नेम नाही. "याला कोठडीत टाका, उद्या राज्याबाहेर हाकला!"

रखमाजीची बायको येसू युवराजांची दाई. ती धावत आली. "महाराज, माझा धनी मोराच्या जवळपासही नव्हता!"

"म्हणजे युवराज खोटं बोलतात?"

येसूला आता मागं हटून चालणार नव्हतं. "लेकराला कुणीतरी शिकवलंय, महाराज."

"अस्सं? मग उद्या भर दरबारात त्या गुरूला माझ्या पायाशी आणून टाक! आणि युवराजांच्या तोंडून खरं वदवून दाखव. रागवायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, त्यांच्याशी उपदेशाचं एक अक्षर बोलायचं नाही. जमलं नाही, तर नवऱ्याबरोबर तूही चालती हो!"

"बैल न जुंपता मोट ओढायची की!" कारभारी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी चार हमालांनी घामाघूम होत एक दांडगी फरशी आणली आणि राजांच्या पायाशी धप्पकन टाकली.

"हे काय? गुरू कुठाय?"

"हाच की, महाराज! युवराजांच्या खोलीतली फरशी."

दरबार खो खो हसला. येसू मात्र गंभीर. "युवराज नवे नवे चालायला लागले, तेव्हा हिच्यावर धडपडायचे. रडू थांबावं म्हणून मी हिला मारलं, राणीसाहेबांनी मारलं. आपण तर सोन्याच्या मुठीच्या काठीनं मारलंत! 'हात्त फरशीची! आमच्या बाळाला पाडतेस?' धडपडले युवराज, मार खाल्ला फरशीनं! तीच रीत अजून चालू आहे, महाराज. फरशीच्या जागी आता माझा धनी आलाय, एवढंच."

"दगडाची वकिली करतेस?" राजे तावातावानं उठले, पाऊल टाकलं, आणि अंगठा फाडकन फरशीवर आपटला. "आई गं! कुणी ठेवली ही इथं?"

उदाजी धावत आले आणि फरशीला चापट्या मारू लागले. "हात्त! आबासाहेबांना मारतेस?"

येसूनं हात जोडले. "पायाशी टाक, असा महाराजांचाच हुकूम होता. पण असू दे. काठी आणू का?"

राजांनी ठणकत्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पोराच्या लालबुंद झालेल्या तळहाताकडे. ते हळूच खाली बसले. "तिला मारू नका, युवराज. मी बघून चाललो नाही. चूक माझी."

"तुमची?" उदाजींचे डोळे बशीएवढे झाले. "मग तुम्हाला मार?"

"मार कुणालाच नाही."

युवराजांनी जरा विचार केला, राजांच्या कानाजवळ गेले, पण बोलले साऱ्या दरबाराला ऐकू जाईल असं. "मग मोर मीच पाडला. शेपूट ओढून बघत होतो."

राजे असे हसले की पागोटं घरंगळलं! "येसू, अक्षर न बोलता जिंकलीस! रखमाजीला सोडा, शेला-पागोटं द्या! आणि तुला ती सोन्याच्या मुठीची काठी. राजवाड्यात आता तिला काही काम नाही!"

"आणि हमाल, महाराज?"

"ते कशाला?"

"फरशी घरी जायचीय. बिचारीला आज निर्दोष सोडलंत ना!"