वळणापलीकडच्या खोल्या

एकदा एका वाढत्या नगराला एक रस्ता हवा झाला. नगराच्या पश्चिमेस माळावर कारखान्यांसाठी जमीन दिली गेली होती, पूर्वेस कुंभारमळा नावाची जुनी वस्ती होती, आणि कारखान्यांकडे जाणारे ट्रक या वस्तीच्या बोळांतून वाट काढीत असत. ओट्यांचे कोपरे ढासळत होते, विजेच्या तारा तुटत होत्या, आणि शाळेच्या वाटेवर मुलांचा हात सोडायला आया धजत नव्हत्या. तेव्हा नगरपालिकेने ठरवले की, कारखाने आणि वस्ती यांच्या मधून एक रुंद रस्ता काढावा. दोन्हीकडची रहदारी त्याने आपल्या अंगावर घ्यावी आणि महामार्गाला नेऊन सोडावी.

हा रस्ता आखण्याचे काम श्रीरंग नावाच्या तरुण अभियंत्याकडे आले. श्रीरंग याच नगरातला. नकाशा वाचायला आणि काढायला त्याला शिकवले ते तंत्रनिकेतनातल्या मालतीबाई सबनीसांनी. बाई आता वृद्ध झाल्या होत्या. यजमान वारले होते, मूलबाळ नव्हते, तरी त्यांचे घर रिकामे असे कधी नसे. जुने विद्यार्थी येत, आणि त्यांत श्रीरंग सर्वांत नेमाने येई. कुंभारमळ्याच्या अगदी पश्चिम टोकाला बाईंचे बैठे घर होते. अंगणात तोंडल्याचा मांडव, मांडवाखाली दोन खुर्च्या, आणि कुंपणाशी यजमानांनी लावलेले रामफळाचे झाड. बाई चहा करीत आणि चहा निवेपर्यंत श्रीरंगच्या कामातल्या चुका काढीत. त्याला वडील आठवत नव्हते. चुका काढणारे एवढे एकच माणूस त्याला होते, आणि ते त्याला फार हवेसे वाटे.

मोजणी पुरी झाली आणि श्रीरंगने नकाशावर पहिली ओळ ओढली. ओळ सरळ होती, स्वच्छ होती, आणि ती बाईंच्या अंगणातून जात होती. मांडव, रामफळ, ओट्याची एक बाजू, सारे तिच्याखाली येत होते. श्रीरंग बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला. मग त्याने ती पुसली आणि बाईंच्या घरापाशी तिला पश्चिमेकडे एक हलके वळण दिले. शेजारी टिपण लिहिले की, या वळणामुळे भरधाव वाहने आपोआप मंदावतील. ते खोटे नव्हते. म्हणूनच त्याला स्वतःला ते पटायला वेळ लागला नाही.

वळणाच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. कारखान्यांत काम करणारी माणसे तिथे राहत. नवी ओळ त्यांच्या उंबऱ्यांपासून हातभर अंतरावरून जात होती. खोली एकही पडत नव्हती. कागदावर पाहिले, तर या वळणाने कोणाचेच काही जात नव्हते.

मंजुरीसाठी पाठवण्यापूर्वी श्रीरंग नकाशा घेऊन बाईंकडे गेला. नमस्कार करून त्याने तो त्यांच्यापुढे उलगडला. बाईंनी चष्मा लावला आणि ओळीवरून बोट फिरवू लागल्या. वळणापाशी बोट थांबले. त्यांनी एकदा अंगणाकडे पाहिले, एकदा श्रीरंगकडे पाहिले. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"श्रीरंग, आजपासून या घरात तुला चहा मिळायचा नाही."

श्रीरंगला वाटले, बाई थट्टा करताहेत. "का हो बाई? माझं काही चुकलं का?"

"चहा हवा असेल तर समोर जा. तुझ्या वळणाच्या पलीकडे खोल्या आहेत, तिथे घे. एका घरी नाही, सगळ्या घरी. मग ये."

त्यांनी नकाशाची घडी घातली, त्याच्या हातात दिली, आणि त्याच्या मागे फाटकाची कडी लावून घेतली. ती कडी वाजलेली त्याने आजवर कधी ऐकली नव्हती.

श्रीरंग दुखावला. ज्यांचे अंगण वाचावे म्हणून आपण आपल्या हाताने ओळ वाकवली, त्यांनीच आपल्याला दारातून परतवून लावावे? बाईंचे वय झाले, असेही त्याच्या मनात येऊन गेले, आणि त्या विचाराची त्याला लगेच लाज वाटली. चार दिवस तो रुसून बसला. परंतु बाईंनी दिलेला अभ्यास केल्याशिवाय त्यांच्यासमोर जाण्याची त्याला सवय नव्हती. पाचव्या दिवशी, कारखान्याची पाळी सुटल्यावर, तो त्या खोल्यांकडे गेला.

पहिल्या खोलीच्या दारात एक प्रौढ बाई तांदूळ निवडत बसली होती. तिचे नाव हौसाबाई. श्रीरंग तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मला बाईंनी तुमच्याकडे चहा प्यायला पाठवलंय," तो म्हणाला.

"कंच्या बाईंनी?"

"त्या समोरच्या. सबनीसबाई."

"मास्तरीनबाई व्हय? मग हुबं का? बसा की."

आत जागा नव्हती. हौसाबाईने दारासमोरची बाज झटकली आणि त्याला बसवले. बसल्यावर श्रीरंगने सवयीने नजरेनेच अंतर मोजले, आणि त्याच्या लक्षात आले की, ही बाज त्याच्या रस्त्यावर आहे.

शेजारच्या दारात एका तरुण आईने घमेल्यात बसवून लेकराला अंघोळ घातली. तेही रस्त्यावरच होते. पलीकडून इस्माईलचाचा नावाचे एक वृद्ध गृहस्थ आले. आयुष्यभर वेल्डिंग केल्याने त्यांची नजर अधू झाली होती. एका हातात कळशी धरून, दुसरा हात खोल्यांच्या भिंतीला लावीत ते टोकाच्या नळापर्यंत गेले आणि तसेच परत आले. ती भिंत हीच त्यांची काठी होती, आणि भिंतीलगतची ती पायवाट नकाशावर उरलेली नव्हती.

"तुमी नगरपालिकेचं ना?" हौसाबाईने चहाचा कप पुढे करीत विचारले. "रस्ता व्हनार म्हनत्यात. हू द्या बाबा. रिक्षा दाराशी यील. चाचांना दवाखान्यात न्यायचं तर लई हाल हुत्यात." मग थोडे थांबून तिने विचारले, "किती जवळ येनार पन?"

श्रीरंगला उत्तर ठाऊक होते. ते त्याने स्वतःच लिहिले होते. तो म्हणाला, "अजून ठरायचं आहे."

त्या संध्याकाळी तो तीन घरी चहा प्यायला. पुढल्या संध्याकाळी आणखी काही घरी. कुठे आले जास्त होते, कुठे दूध नव्हते, एका घरी चहाऐवजी ताक मिळाले. इस्माईलचाचांनी त्याला जुन्या बॉयलरची गोष्ट सांगितली, ती कंटाळवाणी होती आणि त्याने ती पूर्ण ऐकली. साऱ्या खोल्या झाल्यावर तो कचेरीत आला आणि नकाशा समोर घेऊन बसला. ओळ पूर्वेकडे सरकवावी तर मालतीबाई दिसत. पश्चिमेकडे सरकवावी तर चाचांचा भिंतीवरून सरकणारा हात दिसे. पेन्सिल कागदावर टेकेना. असे त्याला पूर्वी कधी झाले नव्हते.

तेव्हा कुठे तो ओळ सोडून रस्त्याचा विचार करू लागला. रस्ता इथे एवढा रुंद का हवा? कारण मोठे ट्रक इथूनच वळणार. ते इथेच का वळणार? कारण त्या बाजूच्या सर्वांत मोठ्या कारखान्याचे फाटक बरोबर या खोल्यांच्या रांगेशेजारी उघडत होते. तेच फाटक उत्तरेला, महामार्गाच्या बाजूला गेले, तर जड वाहने या भागात शिरणारच नाहीत, आणि इथे निम्मा रस्ताही पुरेल.

कारखान्याचे मालक गुंदेचाशेठ व्यवहारी गृहस्थ होते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, फाटक म्हणजे काय दाराचा पडदा आहे? इकडचा तिकडे सरकवायला?"

श्रीरंगने त्यांना आराखडे दाखवले, महामार्गाजवळ वेळ कसा वाचेल ते सांगितले. शेठ मान हलवत राहिले, पण होकार काही देईनात. अखेरीस श्रीरंग म्हणाला, "शेठजी, एकदा माझ्याबरोबर चहाला चला."

हौसाबाई गुंदेचाशेठच्याच कारखान्यात माल भरण्याच्या विभागात कामाला होती. मालक दारात आलेले पाहून ती गोंधळली, धावत शेजारणीकडून न फुटलेला कप घेऊन आली. शेठ बाजेवर अंग चोरून बसले. बाजूलाच त्यांचे फाटक होते. त्यातून एक ट्रक बाहेर पडला, आणि धूळ बसेपर्यंत कोणालाच बोलता येईना. हौसाबाईने सवयीने पदराने चहा झाकला. शेठनी ते पाहिले. आपल्या फाटकाकडे त्यांनी आजवर गाडीतूनच पाहिले होते. आठवड्याने त्यांचा निरोप आला, "फाटक हलवतो. परवानगीसाठी मला वर्षभर खेटे घालायला लावू नका, एवढं तुम्ही बघा."

अशा रीतीने तिसरी ओळ निघाली. खोल्यांपुढे बाज टाकायला, लेकराला न्हाऊ घालायला आणि भिंतीला धरून नळापर्यंत जायला जागा राहिली. बाईंचा ओटा वाचला. मांडव मात्र वाचला नाही, आणि रामफळही नाही. श्रीरंगने पुष्कळ खटपट केली, पण तेवढे काही जमले नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरले होते. नकाशा भिंतीवर लावला होता. बाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर हौसाबाई आणि चाचा. एका गृहस्थांनी उभे राहून जरा खवचटपणेच विचारले, "या रस्त्यात तुमच्या ओळखीचं कोण आहे, तेवढं सांगा."

"आहेत," श्रीरंग म्हणाला. "हे अंगण जातंय ते माझ्या बाईंचं आहे. आणि समोरच्या खोल्यांत आता सगळेच माझ्या ओळखीचे आहेत."

गृहस्थ खाली बसले. पुढच्या शंका नाल्याबद्दल, दिव्यांबद्दल होत्या. त्यांची उत्तरे सोपी होती.

सभा संपल्यावर श्रीरंग बाईंना घरी सोडायला निघाला.

"त्या दिवशी राग आला होता ना तुला?" बाईंनी विचारले.

"आला होता. मला वाटलं, मी तुमच्यासाठी एवढं केलं, आणि तुम्ही फाटकाला कडी लावून घेतलीत."

बाई थांबल्या. "लबाडीने वळण घातलं असतंस, तर मी सरळ तुझ्या वरिष्ठांकडे गेले असते. तू मायेपोटी चुकलास, तिथे तक्रार करून काय उपयोग? अरे, ओळखीचं घर आलं की हात बाजूला होतोच. माझाही होत असे. मन घट्ट कर, ओळख विसर, असं मी तुला सांगितलं असतं, तर तू निमूट सरळ ओळ ओढली असतीस, आणि पुढे प्रत्येक नकाशापुढे तसाच कोरडा बसला असतास. तुझी माया मला कमी करायची नव्हती. ती रस्त्याच्या एकाच बाजूला राहत होती, म्हणून मी तुला पलीकडे धाडलं. दोन्हीकडे माणसं आपली झाली, की हाताला पळायला जागा उरत नाही. मग डोकं कामाला लागतं."

श्रीरंगने मान डोलावली. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "पण बाई, रामफळ."

"ते तोडतील त्या दिवशी मी रडेन," बाई म्हणाल्या. "यजमानांनी लावलेलं झाड आहे, रडू येणारच. तू समजूत घालू नकोस. नुसता ये."

"येईन," श्रीरंग म्हणाला. आपल्याला काय शिकवले गेले ते त्याला आता पूर्ण उमगले होते.

आपणही घरातल्या वाटण्यांत, कचेरीतल्या नेमणुकांत, गावच्या निर्णयांत रोज ओळी ओढीतच असतो. आपली ओळ एखाद्या दाराशी हळूच वळलेली दिसली, तर त्या वळणापलीकडच्या दारात आपण एकदा जाऊन बसावे.