वाकड्या महालातील तीन मोती

एका राज्यात वाटीत काठोकाठ दूध भरले की एका बाजूने सांडे आणि पाळणे आपसूक झुलत. वक्राक्ष जादूगाराने तिथल्या सपाटी तपासायच्या साऱ्या पाणसळींना शाप दिला होता. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध दिसे आणि लाकूड तिरके बसे. घरे कलली, देवळे कलली. राजकन्या हेमकळा जाब विचारायला गेली. वक्राक्षाने तिची साळुंकी केली.

तिचा थोरला भाऊ राजा दृढवर्मा. त्याला सुतारकामाचा, रंधा मारण्याचा नाद होता. तो एकटाच वक्राक्षाच्या महालात शिरला.

"हा पाट, त्याखाली सरकवायच्या या पाचरी, ही शापित पाणसळ," वक्राक्ष म्हणाला. "पाटावर मोती स्थिर राहिला, तर बहीण तुझी आणि शाप संपला. मोती तीन. एकेक घरंगळेल तशी ही साळुंकी दगड होत जाईल."

"मान्य."

राजाने पाचरी सरकवून बुडबुडा मधोमध आणला. मोती ठेवला. तो टणटणत खाली गेला. साळुंकीचे पाय दगडाचे झाले.

"खोटारड्या पाणसळीवर विश्वास ठेवलात, दादा!" साळुंकी ओरडली.

राजाने पाणसळ भिरकावली. शापित वस्तू फुटत नाही. ती कोपऱ्यात जाऊन पडली.

"माझी नजर पुरे," तो म्हणाला आणि पाट जमिनीशी जुळवला. पण त्या महालाची जमीनच वाकडी. दुसरा मोती पळाला. दगड साळुंकीच्या गळ्यापर्यंत चढला.

"वा रे नजर! आता चोचच उरली. ऐकता का?"

"बोल, हेमे."

"पाणसळ खोटे बोलते. पण उलटी फिरवली तरी तेच खोटे बोलते का, ते पाहा."

राजाने पाणसळ उचलली. तिचे एक टोक लाल होते. पाटावर ठेवली, बुडबुडा लाल टोकाकडे गेला. टोकांची अदलाबदल करून ठेवली; बुडबुडा लाल टोक सोडून दुसऱ्या टोकाकडे पळाला. राजाने एक पाचर केसभर ठोकली. आता बुडबुडा लाल टोकाकडे, तिळभर. पुन्हा फिरवली. पुन्हा लाल टोकाकडे, तिळभरच!

राजा उसळून म्हणाला, "बुडबुडा पाटाच्या एकाच बाजूला राहत नाही, ही फिरते तसा फिरतो. पाट सरळ आहे! तिरकी ही आहे!"

"मूर्खा, बुडबुडा मधोमध नाही!" वक्राक्ष ओरडला.

"नसू दे."

राजाने शेवटचा मोती ठेवला. मोती थरथरला. थांबला.

दगड तडकला आणि हेमकळा हसत उभी राहिली. महाल कडकडून सरळ झाला. जन्मभर तिरका उभा राहिलेला वक्राक्ष सरळ जमिनीवर तोल जाऊन पडला आणि त्याचा भुसा झाला. वाऱ्याने तो नेला.

राज्यात पाळणे थांबले, देवळे ताठ झाली. राजाने आपले सिंहासन स्वतः बसवायला घेतले. नवी पाणसळ टेकवली. बुडबुडा मधोमध आला. राजाने मिशीवर ताव दिला.

"फिरवा," हेमकळा म्हणाली.

राजाने निमूट फिरवली. बुडबुडा मधोमधच राहिला. मगच तो बसला, आणि त्या दिवसापासून त्या राज्यात लोक वाटीत दूध काठोकाठ भरू लागले.