होडीतली दोरी

शुद्धलेखन माझं कच्चं आणि शब्दही साधेच, तेवढं सांभाळून घ्या.

गाव धरणाच्या पाण्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. होडीत बसलं की आया पोरांच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक मुठीत धरायच्या. मग शरयूताईंच्या संस्थेने पोहण्याचे वर्ग काढले. शिकवायला गावचाच लाजाळू तुळाजी.

देणगी देणाऱ्या कंपनीचे मिराशी साहेब पाहणीला आले. काठावरच म्हणाले, "ताई, इथे आधीही कुणी बुडालं नव्हतं. मग तुमच्या कामाने फरक काय पडला? मोजून दाखवा, नाहीतर वर्ग बंद."

तुळाजी ताईंच्या मागे सरकला. ताई म्हणाल्या, "पोरं शाळेला निघालीत. बसा होडीत, तिथेच मोजू."

मधोमध वारा सुटला, होडी डुलू लागली. पोरं चिंचांवरून भांडत होती. साहेबांनी दोन्ही हातांनी होडीची कड आवळली. "अहो, धरायला दोरीबिरी काही आहे का?"

"दोऱ्यांवर आता आया कपडे वाळत घालतात," ताई शांतपणे म्हणाल्या. "पोरं पोहायला शिकल्यापासून या होडीत दोरी मागणारे तुम्ही पहिलेच. हाच फरक. घ्या मोजून."

तुळाजी ताईंकडे बघतच राहिला. पलीकडचा काठ आला तेव्हा कुठे साहेब हसले. "वर्ग चालू ठेवा. आणखी एक विद्यार्थी घ्याल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळाजीने साहेबांच्या पाठीला तरंगायला वाळका भोपळा बांधला, त्यांना पाण्यात उतरवलं आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाला दटावलं, "साहेब, काठ सोडा."