मेथी आणि नाही

"...मग पंचवीस मिनिटं राखून पेपर सोडवणाऱ्या मुलीलाच प्रवेश कसा मिळत नाही, अक्का?"

तेजल कुदळे लॉ सीईटीबद्दल विचारत होती. हुशार पोरीचं नाक तिच्या अकलेच्या चार बोटं पुढे चालतं, तसं हिचं चाले.

शेजारच्या सिंधूअक्का घरापुढच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. एकतीस वर्षं त्या कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदाराचा शब्द न् शब्द टिपायचा, हेच काम.

"चहा घेणार..."

"हो, घेते की!"

"...नाहीस ना? दूध नासलंय."

तेजल चिडली. "चहा नको, युक्ती सांगा. ह्या खेपेला नाही जमलं तर बाबा मला काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसवणार. जन्मभर दुसऱ्या वकिलांचे कागद छापत बसू?"

"बरं, सांग. पुढीलपैकी कोणता हक्क मूलभूत हक्कांत..."

"समानतेचा! स्वातंत्र्याचा! शोषणाविरुद्धचा!"

"...येत नाही?"

तेजल उसळली.

"ही चीटिंग आहे! तुम्ही मध्येच थांबलात."

"मी थांबले. तू का नाही थांबलीस?"

...

क्लासवाल्यांनी तिला वेग शिकवला होता. वेग काय, घसरगुंडीलाही असतो.

अक्कांनी एक काडी बाजूला टाकली.

"खुनाचा खटला होता. साक्षीदार पिंजऱ्यात उभा. म्हणाला, 'साहेब, मी ह्याला वार करताना पाहिलं...' आणि त्याला आला खोकला."

"मग?"

अक्का मेथी निवडत राहिल्या.

"अक्का, मग?"

मेथी.

तेजलने ओठ घट्ट मिटले. हात रिकामे ठेववेनात, म्हणून तिनेही एक जुडी ओढली. अर्धी जुडी झाली...

"'...नाही,' म्हणाला. त्या एका 'नाही'वर माणूस सुटला. संध्याकाळी घरी जाऊन जेवला."

"आणि तो खोकत होता तेव्हा तुमची पेन्सिल?"

"हवेत."

त्या दिवसापासून तेजल रोज संध्याकाळी येई. अक्का अर्धं वाक्य बोलून गप्प होत. कधी उरलेलं वाक्य लगेच येई, कधी भाजी चुलीवर चढल्यावर. आळीतल्या बायका म्हणत, ही पोर वकील होवो न होवो, मेथी झकास निवडते.

परीक्षा झाली. ह्या वेळी पेपर शेवटच्या मिनिटाला संपला.

निकालाच्या दिवशी तेजल चप्पल न काढताच ओट्यावर चढली. धापा टाकत, दोन्ही हात पाठीमागे लपवून.

"अक्का, मला सरकारी कॉलेजात जागा मिळाली..."

आणि थांबली.

अक्कांचा हात हवेत. हातात मेथीची काडी.

...

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तेजल खोकलीसुद्धा नाही. ओठ मिटलेले, पण खांदे हसून हसून गदगदत होते. पाठीमागून पेढ्यांच्या पुड्याचा दोरा लोंबत होता.

अक्कांनी दोऱ्याकडे पाहिलं. काडी मात्र हवेतच ठेवली.

"आधी पूर्णविराम दे, भवाने. मग पेढा."