उत्तराचा ठोका

आळीच्या तोंडाशी हा दगडी मनोरा दिसतो ना, त्याला आम्ही उसासा म्हणतो. डोंगरातलं पाणी शहरात आणणारी जुनी नहर इथून जमिनीखालून जाते. तिला हवा लागावी म्हणून हा आतून पोकळ ठेवलाय. शहराच्या माहितीपत्रकात हा सापडायचा नाही. त्यात किल्ला आहे, तलाव आहे, साड्यांची दुकानं आहेत. काम लवकर आटोपलं आणि गाडी संध्याकाळची, अशी तुमच्यासारखी माणसं भटकत भटकत चुकून इथवर येतात. एकटे आलात ते बरं केलंत, इथे एकट्यानेच यायचं असतं. आणि तो मोबाइल जरा खिशात राहू द्या, मगापासून सारखा काढताय.

मला इथे सगळे सोनाकाकू म्हणतात. लग्न होऊन या तांबट आळीत आले, तेव्हा सासूबाईंनी आधी हेच बजावलं की दुपारची जेवणं झाली की आळीत हातोडा वाजायचा नाही. का, ते त्यांनीच मला इथे बसून सांगितलं.

नहर खणायला त्या जुन्या काळी बेलदार आले होते म्हणे. त्यांच्यात सटवा नावाचा एक होता आणि धुरपी त्याची बायको. एके सकाळी भुयारात दरड कोसळली. मागचे मागे पळाले आणि वाचले. सटवा सगळ्यांच्या पुढे खणत होता, तो पलीकडे अडकला. मुकादमाने थोडं उकरून पाहिलं आणि हात झटकले. माणूस गेला, हे भुयार बुजवा आणि दुसरीकडून खणा, असं सांगून तो मोकळा झाला.

धुरपीला ते पटेना. 'त्यो दरडीच्या फुडं हाय, जित्ता हाय,' एवढंच ती सांगत राहिली. भुयार बुजायच्या आत तो कुठे आहे ते कळायला हवं होतं, म्हणून तिचा पाय एका जागी ठरेना. भुयाराच्या रेषेवरून ती अनवाणी चालायची, मध्येच बसून जमिनीला कान लावायची, उठून पुन्हा चालायची. चूल पेटवली नाही, केसाला फणी लावली नाही. लोक तिला वेडी म्हणायला लागले.

अशी फिरत फिरत ती या आळीत आली. इथे तर सकाळपासून घरोघर हंडे, घंगाळं, बंब घडत असायचे. त्या ठोकाठोकीत जमिनीखालचं काय ऐकू येणार? मग ती दारोदार विचारत सुटली, 'भुईखालनं कुनी ठोकल्यावानी वाटतं का?' नारू तांबट म्हणाला, 'आवाज येतो की. तो आमच्या शेजारच्या केरोबांचा. रात्रीसुद्धा ठोकत असतात.' ती केरोबांकडे गेली. ते म्हणाले, 'येतो ना. नारूचा असणार. रात्री तरी झोपावं माणसानं.'

धुरपी दारातच थांबली. 'आन् त्यो म्हनतोय की तुमीच ठोकताय,' ती म्हणाली.

रात्री दोघांपैकी एकानेही कधी हातोडा धरला नव्हता. केरोबांच्या ते ध्यानात आलं आणि म्हातारा तसाच बाहेर धावला. 'हातोडे खाली ठेवा रे!' म्हणून ओरडला. असं सांगतात की आळी वसल्यापासून पहिल्यांदाच ती भर दिवसा गप्प झाली. बायका-पुरुष जमिनीला कान लावून पडले.

खालून काहीच आलं नाही. ऊन कलायला लागलं, तरी काही नाही. आपल्याला उशीर झाला, हे सगळ्यांच्या मनात आलं. धुरपी नुसती या टोकाकडून त्या टोकाकडे येरझारा घालत होती.

आता हा नारू आमच्या घराण्याचा मूळपुरुष. आमच्या घरात कोणाचाच हात स्वस्थ राहत नाही. माझे यजमान तर जेवतानाही ताटावर बोटं वाजवायचे. नारूने किती वेळ कळ काढावी? बसल्या बसल्या, भान न राहून, त्याने पुढ्यातल्या हंड्यावर एक ठोका मारला. सगळे त्याच्या अंगावर धावून गेले. धुरपीने तर म्हणे त्याची गचांडी धरली. आणि तेवढ्यात पायाखालून ठोका आला. एकच, अगदी हलका.

मग कोणी कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. हा उसासा उभा आहे ना, तिथेच खणलं. दिवेलागणीला सटवाला वर काढलं. भिंतीतून झिरपणारं पाणी चाटून तो तगला होता. जरा शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, 'मी ठोकायचो आन् तुमी जबाब द्यायचा. त्याच्यावरच जगलो. रातीला निजत असाल म्हनून वाट बगायचो. मंग आज मधीच का थांबलात? म्हटलं, गेली समदी. मंग मीबी ठोकायचं सोडलं.'

खरं तर आळीतल्या एकानेही कधी उत्तर म्हणून ठोका दिला नव्हता. जो तो आपला हंडा घडवत होता. धुरपीने मात्र कोणाला तोंड उघडू दिलं नाही. ती नवऱ्याला म्हणाली, 'दमली व्हती मान्सं. आता न्हाई थांबायची.'

तिचं ते खोटं खरं करायचं म्हणून केरोबांनी पेटत्या भट्टीसमोर आळीच्या वतीने शब्द दिला. रोज दुपारी हातोडे थांबवून आपण ऐकायचं आणि एकट्या माणसाचा ठोका आला की त्याला उत्तर द्यायचं. कोण आहे, कशासाठी ठोकतोय, हे विचारायचं नाही.

आजही ते चाललंय. परीक्षेत नापास झालेली पोरं येतात, बायको गेलेले म्हातारे येतात, तुमच्यासारखे गाडीची वाट पाहणारेही येतात. जा, त्या कोनाड्यात गोटा ठेवलाय. उसाशावर एक ठोका मारा आणि थांबा. लगेच पाठ फिरवू नका हं. आळीत आता मोजकीच घरं उरलीत आणि आम्ही सगळे म्हातारे आहोत. हातोडा हाती यायला जरा वेळ लागतो, पण उत्तर येतं.